गुणाकाराच्या एका चिन्हाचा वीस वर्षांचा वाद : पायथॉनमधील अ‍ॅरेचा इतिहास

१/ इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरखान्यांतील कागद डोळ्यांसमोर येतात. संगणकाच्या भाषेतील एखादे चिन्हही असेच अस्सल साधन असू शकते. ते कोणी निवडले, कोणत्या अडचणीतून निवडले, त्याला विरोध का झाला, हे सारे शोधता येते. आजच्या धाग्यात अशाच काही निवडींचा इतिहास पाहू. विषय आहे पायथॉन भाषेतील संख्यांच्या अ‍ॅरेची रचना.

२/ अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या संख्यांची ओळी आणि स्तंभ यांत केलेली मांडणी. डिजिटल छायाचित्र हा एक अ‍ॅरेच असतो. तापमानाच्या दैनंदिन नोंदी, दुर्बिणीने टिपलेले आकाश, रुग्णाच्या मेंदूचे स्कॅन हेही अ‍ॅरेच. लाखो संख्यांवर एकेक करून क्रिया करण्याऐवजी सगळ्या मांडणीला मिळून एकच आज्ञा द्यावी, ही अ‍ॅरे-प्रोग्रामिंगची मूळ कल्पना. पायथॉनमध्ये हे काम आज मुख्यत्वे ‘नमपाय’ ही लायब्ररी करते.

३/ ही कल्पना पायथॉनहून पुष्कळ जुनी आहे. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान भाषा आणली. तिच्यात अ‍ॅरे होते, पण प्रत्येक संख्येपाशी फेरी घालून जावे लागे. १९६२ साली केनेथ आयव्हर्सन यांनी ‘अ प्रोग्रामिंग लँग्वेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून पुढे ‘एपीएल’ ही भाषा साकारली. तिच्यात संपूर्ण अ‍ॅरे हीच एक संख्या असल्याप्रमाणे लिहिता येई. आयव्हर्सन यांना १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानाचा त्यांचा विषय होता : चिन्हपद्धती हे विचाराचे साधन आहे.

४/ तिसरा पूर्वज म्हणजे मॅटलॅब. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी ती रचली. विद्यार्थ्यांना फोरट्रान लिहावी न लागता मॅट्रिक्सची आकडेमोड करता यावी, हा हेतू होता. १९८४ साली तिच्याभोवती मॅथवर्क्स ही कंपनी उभी राहिली. अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या मॅटलॅबवर शिकल्या आणि गणित कसे ‘लिहावे’ याची त्यांची सवय तिथेच घडली. ही सवय पुढील कथेत महत्त्वाची ठरणार आहे.

५/ आता पायथॉनकडे वळू. गिडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना ती घडवली आणि १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ही भाषा आकडेमोडीसाठी नव्हती. तिच्यातील ‘लिस्ट’मध्ये काहीही ठेवता येई. १, २ या लिस्टमध्ये ३, ४ ही लिस्ट मिळवली, तर उत्तर १, २, ३, ४ असे येते. यादीला यादी जोडली जाते. शास्त्रज्ञाला मात्र ४ आणि ६ हवे असतात.

६/ १९९५ साली या गरजेतून काही मंडळी ई-मेलच्या चर्चागटात एकत्र आली. गटाचे नाव होते ‘मॅट्रिक्स-सिग’. जिम फुल्टन यांनी मॅट्रिक्सची एक आरंभीची रचना केली होती. एमआयटीचे विद्यार्थी जिम ह्युगुनिन यांनी तिला व्यापक रूप देऊन ‘न्यूमेरिक’ हे पॅकेज लिहिले. कॉनराड हिन्सेन, डेव्हिड अ‍ॅशर, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील पॉल ड्युबॉइस यांचाही त्यात वाटा होता. पुढच्या प्रश्नांची पहिली उत्तरे याच मूठभर लोकांनी दिली.

७/ पहिला प्रश्न : तारकाचिन्हाचा अर्थ काय? दोन मॅट्रिक्स घ्या. पहिलीच्या ओळी १, २ आणि ३, ४. दुसरीच्या ओळी ५, ६ आणि ७, ८. जागच्या जागी गुणाकार केला तर ५, १२, २१, ३२ मिळतात. महाविद्यालयात शिकवला जाणारा, ओळीला स्तंभाने गुणणारा मॅट्रिक्स-गुणाकार केला तर १९, २२, ४३, ५० मिळतात. दोन्ही गुणाकार उपयोगाचे, दोन्ही नित्याचे. चिन्ह मात्र एकच, * हे.

८/ मॅटलॅबने * मॅट्रिक्स-गुणाकाराला दिले आणि जागच्या जागी गुणण्यासाठी त्याच्याआधी टिंब लावले. न्यूमेरिकने उलट निवड केली. तिच्या बाजूने सबळ तर्क होता. छायाचित्र किंवा पावसाच्या नोंदी म्हणजे काही बीजगणितातील मॅट्रिक्स नव्हे. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार जागच्या जागी होत असतील, तर गुणाकारानेच वेगळे का वागावे? शिवाय अ‍ॅरेला तीन, चार, कितीही मिती असू शकतात, मॅट्रिक्सला दोनच.

९/ या निवडीची किंमत मॅट्रिक्स-गुणाकाराने मोजली. तो ‘डॉट’ नावाच्या फंक्शनने करावा लागे. पाच मॅट्रिक्सचा गुणाकार कागदावर एका ओळीत मावतो. पडद्यावर तो कंसांत कंस घालत लिहावा लागे. संख्याशास्त्रातले सूत्र पुस्तकाशी पडताळून पाहणे अवघड होई आणि चुकीचा कंस सहज लपून राही. आयव्हर्सन यांनी चिन्हांविषयी जे मांडले होते, त्याचा हा उलट्या बाजूने आलेला प्रत्यय होता.

१०/ मग पळवाट निघाली. अ‍ॅरेचाच एक उपप्रकार ‘मॅट्रिक्स’ या नावाने केला गेला आणि त्याच्यापुरता * चा अर्थ बदलला. हा उपाय रोगापेक्षा त्रासदायक ठरला. कोणी लिहिलेल्या फंक्शनला साधा अ‍ॅरे दिला तर एक उत्तर, मॅट्रिक्स दिला तर दुसरे. आणि दोन्ही वेळा चुकीची सूचना नाही. एकाच लिपीत एका अक्षराचे दोन उच्चार असावेत आणि कोणता करायचा हे वाचकाला कळू नये, असा हा प्रकार होता.

११/ २००० साली पायथॉनमध्ये नवी चिन्हे आणण्याचे दोन रीतसर प्रस्ताव आले. एकात तर सगळ्या गणिती चिन्हांची दुसरी जोडी सुचवली होती. दोन्ही प्रस्ताव अखेर फेटाळले गेले. भाषा सर्वांची होती. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी शास्त्रज्ञांसाठी इतक्या नव्या चिन्हांचे ओझे का वाहावे, ही शंका गैर नव्हती.

१२/ अखेर २०१४ साली नॅथॅनियल स्मिथ यांनी प्रस्ताव क्रमांक ४६५ मांडला. त्याचे बळ त्याच्या मर्यादेत होते. चिन्हांचे कुटुंब नको, एकच चिन्ह द्या, एवढीच मागणी. त्यासाठी निवडलेले @ हे चिन्ह पायथॉनला २००४ पासून वेगळ्या कामासाठी परिचित होतेच. प्रस्ताव मान्य झाला आणि १३ सप्टेंबर २०१५ रोजी पायथॉन ३.५ मध्ये @ चा अर्थ मॅट्रिक्स-गुणाकार असा झाला. १९९५ च्या प्रश्नाला २०१५ साली उत्तर मिळाले.

१३/ दुसरा प्रश्न : तुकडा कापला की प्रत होते का? पायथॉनच्या लिस्टचा तुकडा घेतला तर त्याची स्वतंत्र प्रत मिळते. ती बदलली तरी मूळ लिस्ट शाबूत राहते. न्यूमेरिकने येथेही वेगळी वाट धरली. तिथे तुकडा म्हणजे मूळ मांडणीकडे पाहण्याची खिडकी. खिडकीतून हात घालून संख्या बदलली की मूळ अ‍ॅरेही बदलतो.

१४/ हा निर्णय त्या काळाच्या यंत्रांसमोर ठेवून पाहावा. १,००० ओळी आणि १,००० स्तंभांचा, प्रत्येक संख्येला ८ बाइट घेणारा अ‍ॅरे ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट जागा घेतो. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ची किमान गरज ४ मेगाबाइट मेमरी एवढीच होती. प्रत्येक कापागणिक प्रत काढणे तेव्हा परवडणारे नव्हते. काटकसर ही त्या रचनेची गरज होती.

१५/ ही काटकसर साधली एका सुंदर युक्तीने. मेमरीत सर्व संख्या एकाच लांब रांगेत असतात. सोबत फक्त नोंद ठेवायची : पुढच्या ओळीत जाण्यासाठी किती बाइटची ढांग टाकायची आणि पुढच्या स्तंभात जाण्यासाठी किती. ३ ओळी व ४ स्तंभ असतील आणि प्रत्येक संख्या ८ बाइटची असेल, तर ढांगा ३२ आणि ८. ओळींचे स्तंभ करायचे असतील तर ढांगांची अदलाबदल करा : ८ आणि ३२. एकही संख्या जागची हलत नाही. तुकडा कापणे म्हणजेही आरंभबिंदू आणि ढांगा बदलणे.

१६/ याच ढांगांमुळे एक जुना तंटाही मिटला. फोरट्रान मेमरीत स्तंभामागून स्तंभ मांडते, सी भाषा ओळीमागून ओळ. रेषीय बीजगणिताची वर्षानुवर्षे पारखलेली आज्ञावली फोरट्रानमध्ये होती; पायथॉन स्वतः सी मध्ये लिहिलेली. न्यूमेरिकचे वारस दोन्ही मांडण्या सांभाळू शकले, कारण दोहोंतला फरक ढांगांपुरताच उरला.

१७/ दोष मात्र शिल्लक राहिला. ‘तुकडा’ खिडकी देतो. पण विखुरलेल्या ओळी निवडल्या तर प्रत मिळते, कारण असमान अंतरे एका ढांगेत बसत नाहीत. दोन्ही गोष्टी चौकोनी कंसांनीच लिहिल्या जातात. नवशिक्याला नियम लहरी वाटतो. तो लहरी नाही. १९९५ सालच्या मेमरीचा तो ठसा आहे. म्हणून मूळ विदा नकळत बदलण्याचा धोका आजही टिकून आहे.

१८/ तिसरा प्रश्न : आकार जुळत नसतील तर? चार स्तंभांच्या तक्त्यातून चार सरासरींची एक ओळ वजा करायची असेल, तर ती ओळ प्रत्येक ओळीपुढे आपोआप लागू व्हावी. या सोयीला ‘ब्रॉडकास्टिंग’ म्हणतात. आकार उजवीकडून जुळवायचे आणि जिथे १ असेल तिथे ताणायचे, एवढाच नियम. सोय मोठी, पण मौन घातक. १०,००० संख्यांच्या साध्या रांगेतून १०,००० संख्यांचा उभा स्तंभ चुकून वजा केला, तर उत्तरात १०,००० नव्हे, १० कोटी संख्या येतात आणि ८०० मेगाबाइट जागा जाते. संगणक तक्रार करत नाही.

१९/ या चर्चांनी खुद्द पायथॉनही बदलली. कापताना टप्पा सांगण्याची सोय, म्हणजे ‘एक सोडून एक घ्या’, न्यूमेरिकच्या कर्त्यांच्या विनंतीवरून पायथॉन १.४ मध्ये १९९६ साली आली. लिस्टला ती पायथॉन २.३ मध्ये, २००३ साली मिळाली. दोन अ‍ॅरेंची तुलना केल्यावर एकच हो-नाही न मिळता प्रत्येक जागेचे उत्तर मिळावे, ही तरतूद २००१ च्या पायथॉन २.१ ची. ती व्हान रॉसम आणि अ‍ॅशर यांच्या प्रस्तावातून आली.

२०/ आता या कथेतील फाळणी. हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटला प्रचंड प्रतिमा हाताळायच्या होत्या. पेरी ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नमअ‍ॅरे’ हे नवे पॅकेज लिहिले. मोठ्या अ‍ॅरेंवर ते सरस, लहान अ‍ॅरेंवर संथ. न्यूमेरिकचे नेमके उलट. विखुरलेल्या ओळी निवडण्याची लवचीक सोयही नमअ‍ॅरेत होती. दोन्ही बाजू आपापल्या गरजेपुरत्या बरोबर होत्या.

२१/ परिणाम काय झाला? विज्ञानासाठीची ‘सायपाय’ लायब्ररी न्यूमेरिकवर उभी. खगोलशास्त्राची साधने नमअ‍ॅरेवर. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला दोघांशीही जुळवून घेणारा मधला थर ठेवावा लागला. एका प्रयोगशाळेची आज्ञावली दुसरीत चालेल याची खात्री उरली नाही. आधीच लहान असलेला समाज दोन तटांत विभागला गेला. असेच चालते तर आज नमपाय नसती.

२२/ हे भांडण मिटवण्याचे काम ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी अंगावर घेतले. ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सहायक प्राध्यापक आणि सायपायच्या संस्थापकांपैकी एक. २००५ साली त्यांनी न्यूमेरिकच्या पायावर नमअ‍ॅरेचे गुण आणून एकच पॅकेज बांधायला घेतले. ऑक्टोबर २००६ मध्ये नमपाय १.० प्रसिद्ध झाली. विद्यापीठीय बढती शोधनिबंधांवर ठरते. लायब्ररी लिहिण्यात गेलेले महिने त्यात मोजले जात नाहीत. २००७ साली ऑलिफंट विद्यापीठ सोडून उद्योगक्षेत्रात गेले.

२३/ त्यानंतरची दहा वर्षे नमपायचा भार बहुतांशी स्वयंसेवकांनी वाहिला. २०१७ साली गॉर्डन अँड बेटी मूर फाउंडेशनचे अनुदान बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला मिळाले, तेव्हा कुठे पगारी माणसे नेमून काम सुरू झाले. जगभरच्या प्रयोगशाळा ज्या पायावर उभ्या होत्या, तो पाया काही जणांच्या सुट्टीच्या वेळेवर टिकून होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही बाब क्वचित नोंदली जाते. ती नोंदली पाहिजे.

२४/ त्या पायाचे मोल किती? १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे @ चिन्ह प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लायगोच्या शोधकांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. हा निव्वळ योगायोग. पण त्या शोधामागच्या सॉफ्टवेअरमध्ये नमपाय होती, हा योगायोग नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेमागेही ती होती. लायगोच्याच जाळ्यातील भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित आहे.

२५/ चौथा प्रश्न : दोन प्रकारच्या संख्या एकत्र आल्या तर उत्तर कोणत्या प्रकारचे? ८ बिटांच्या खणात ० ते २५५ मावतात. तशा अ‍ॅरेत २०० आणि १०० मिळवले तर ३०० ऐवजी ४४ येतात. खण भरला की मोजणी पुन्हा शून्यापासून. जुन्या नमपायमध्ये याहून गूढ प्रकार होता. अ‍ॅरेत साधी संख्या मिळवली की उत्तराचा प्रकार त्या संख्येच्या किमतीवर ठरे. १०० मिळवल्यास एक प्रकार, १,००० मिळवल्यास दुसरा. विदा बदलली की निकालाची अचूकताही बदले.

२६/ हे दुरुस्त झाले जून २०२४ मध्ये, नमपाय २.० बरोबर. आता प्रकार किमतीवर ठरत नाही, आणि साधी संख्या खणात मावतच नसेल तर स्पष्ट चूक दाखवली जाते. १.० ते २.० हा प्रवास जवळपास १८ वर्षांचा. इतका विलंब का? कारण जगभर लिहिलेली आज्ञावली जुन्या वागण्यावर विसंबून होती. चूक ठाऊक असणे आणि ती दुरुस्त करता येणे यांत पिढीचे अंतर पडू शकते.

२७/ दरम्यान इतिहासाची पुनरावृत्ती सुरू झाली होती. यंत्रशिक्षणाच्या लाटेत २०१५ नंतर टेन्सरफ्लो, पायटॉर्च, जॅक्स अशा नव्या लायब्रऱ्या आल्या. प्रत्येकीचा अ‍ॅरे थोडा निराळा. जॅक्सने तर तुकड्याचा जुना प्रश्नच मोडीत काढला : तिचे अ‍ॅरे एकदा घडले की बदलत नाहीत. पुन्हा तट पडू नयेत म्हणून २०२० साली एक संयुक्त गट स्थापन झाला आणि अ‍ॅरेचे सामाईक प्रमाण ठरवू लागला. नमअ‍ॅरेच्या फाळणीची आठवण अशी उपयोगी पडली.

२८/ या साऱ्याचा अर्थ काय? * चा अर्थ, तुकड्याची खिडकी, ब्रॉडकास्टिंगचे मौन, प्रकारांचे नियम : यांपैकी एकही निर्णय मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येक उत्तर आपल्या काळाच्या अडचणीला दिलेले होते. अडचण गेली, मेमरी हजारपट वाढली, वापरणारे शेकड्यांवरून लाखोंवर गेले. उत्तर मात्र जागीच राहिले, कारण तोवर इतरांनी त्यावर घरे बांधली होती.

२९/ म्हणून पुढच्या वेळी एखादे साधन विचित्र वागले की त्याला नावे ठेवण्याआधी इतिहासकाराचे तीन प्रश्न विचारावेत. हे केव्हा ठरले? तेव्हा काय परवडत नव्हते? आणि हे बदलले तर कोणाचे घर कोसळेल? किल्ल्याच्या तटातील बुजवलेला दरवाजा जशी जुन्या वाटेची खूण असतो, तसे हे नियम आहेत. वाट का बदलली हे समजले, की तट वाचता येतो.

धागा समाप्त. तुमच्या रोजच्या वापरातील कोणत्या साधनात असा जुना निर्णय दडला आहे, ते प्रतिसादात जरूर लिहा.